लाल मातीचं मैदान, शेजारी समुद्र: शाळेत अ‍ॅथलेटिक्स सुरू करायचं तर

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यातली एक माध्यमिक शाळा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सपाट केलेलं, साधारण ९५ बाय ५० मीटरचं जांभ्याचं मैदान. ट्रॅक नाही. साहित्य म्हणजे एक लोखंडी गोळा, एक मीटर-टेप आणि दोन स्टॉपवॉच. किनारा चालत दहा मिनिटांवर. आठवी-नववीची पंचवीसेक मुलंमुली यायला तयार आहेत आणि शिकवणारे सर मुळात कबड्डीचे. अ‍ॅथलेटिक्स कुठून सुरू करायचं?

सर, एवढ्यावर सुरुवात होते आणि चांगली होते. मैदान लहान आहे म्हणून सहसा काही अडत नाही. अडतं ते दोन जागी. एक, मापं चुकलेली असतात, त्यामुळे मुलांच्या वेळा आणि अंतरं खोटी निघतात. दोन, अ‍ॅथलेटिक्स म्हणजे मैदानाला राउंड मारणं असा समज असतो आणि पहिल्या महिन्यातच मुलं कंटाळतात किंवा नडग्या धरून बसतात.

खेळाचा पसारा आधी सांगून टाकतो. धावणं, उड्या आणि फेक हे तीन गट; शिवाय चालण्याच्या शर्यती आणि अनेक प्रकार मिळून गुण मोजणाऱ्या स्पर्धा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते. रत्नागिरी-सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात. कोणत्या गटाला कोणते प्रकार आणि किती वजनाचं साहित्य, हे त्या वर्षीच्या परिपत्रकातच बघा. जुन्या कागदावर विसंबून मुलाला चुकीच्या वजनाच्या गोळ्यावर सहा महिने तयार करणं फार महाग पडतं. आणि चौदाच्या आतल्या मुलाला एका प्रकाराला बांधू नका. पहिलं वर्षभर प्रत्येकाने पळावं, उडी मारावी, फेकावं.

आता आखणी. प्रमाण ट्रॅक ४०० मीटरचा असतो: ८४.३९ मीटरचे दोन सरळ पट्टे, ३६.५० मीटर त्रिज्येची दोन वळणं, १.२२ मीटर रुंदीच्या लेन. तो तुमच्या मैदानात मावणार नाही, पण चार लेनचा २०० मीटरचा ट्रॅक नीट बसतो. वळणाची त्रिज्या १८ मीटर घ्या. उंच कड नसलेल्या, फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) आखलेल्या ट्रॅकवर अंतर आतल्या रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेरून मोजतात, म्हणजे धावण्याची त्रिज्या १८.२० मीटर. दोन्ही वळणं मिळून ११४.३५ मीटर होतात. उरलेल्या ८५.६५ चे दोन भाग केले की सरळ पट्टा ४२.८३ मीटर. चार लेन धरून एकूण जागा लागते सुमारे ८८.६ बाय ४५.८ मीटर. भोवती थोडी मोकळी जागा राहते, तेवढी पुरे.

मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेने ४२.८३ मीटर अंतरावर दोन लोखंडी मेखा ठोका. ही वळणांची केंद्रं. प्रत्येक मेखेपाशी काटकोन काढा. ३-४-५ चा त्रिकोण चालतो, पण ६-८-१० मीटरचा घेतलात तर चूक कमी राहते. काटकोनावर दोन्ही बाजूंना १८-१८ मीटरवर खुंट्या मारा. चार खुंट्यांचा आयत तयार होईल, त्याचे दोन्ही कर्ण ५५.९५ मीटर आले पाहिजेत. ते येईपर्यंत फक्कीला हात लावू नका. मग मेखेला बांधलेल्या तारेने अर्धवर्तुळं काढा. तारच घ्या, नायलॉनची दोरी नको. दोरी एक टक्का जरी ताणली गेली तरी त्रिज्या १८ सेंटिमीटरने वाढते आणि ट्रॅक मीटरभराहून जास्त लांब होतो. मग मुलाची वेळ का सुधारत नाही हे कोणालाच कळत नाही. कापडी टेपही अशीच दगा देते; जमलं तर पोलादी टेप आणा. फक्कीऐवजी कोणी चुन्याची कळी आणून दिली तर परत पाठवा. डोळ्यांत गेली तर भाजते.

सगळ्यात जास्त घोळ स्टॅगरचा, म्हणजे बाहेरच्या लेनला पुढे सरकवण्याच्या अंतराचा. पुस्तकात २०० मीटरसाठी दुसऱ्या लेनला ३.५२ आणि पुढे प्रत्येकी ३.८३ मीटर दिलेलं असतं. ते ४०० मीटरच्या ट्रॅकचं, कारण तिथे २०० मीटरमध्ये एकच वळण लागतं. तुमच्या ट्रॅकवर २०० मीटर म्हणजे अख्खी फेरी, दोन वळणं. स्टॅगर ट्रॅकच्या त्रिज्येवर ठरत नाही; लेनची रुंदी आणि वळणांची संख्या यांवर ठरतो. म्हणून तुमच्याकडे दुसऱ्या लेनला ७.६७, तिसऱ्याला १५.३३ आणि चौथ्याला २३ मीटर. चार बाय शंभर रिले पूर्ण लेनमध्ये पळवलीत तर वळणं चार, म्हणून हेच आकडे दुप्पट. पुस्तकातले आकडे तसेच उचलले तर चौथ्या लेनचा मुलगा जवळपास बारा मीटर जास्त पळतो आणि आपण म्हणतो, पोरगं शेवटी दमलं. हे अंतर त्या-त्या लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर, वळणावरूनच मोजायचं. टेप सरळ ताणून धरली की चुकलं.

१०० मीटर सरळ मात्र या मैदानात होत नाही. सुरुवातीच्या रेषेमागे ३ मीटर आणि शेवटच्या रेषेपुढे किमान १७ मीटर मोकळं लागतं. थांबायला जागा नसेल तर मुलं शेवटचे दहा मीटर आपोआप हळू पळतात, आणि कुंपणाला चिऱ्याचा गडगा असेल तर धोका वेगळाच. एका बाजूने ६० मीटरचा पट्टा आखा. वेग शिकवायला तेवढा पुरतो.

आता पळवायचं कसं. आठवड्यातून तीन दिवस, सव्वा तास. पहिली पंधरा मिनिटं हलकं जॉगिंग, सांधे मोकळे करणं, मग २० मीटरमध्ये गुडघे उचलणं, टाचा मागे मारणं, स्किपिंग, प्रत्येकी दोनदा. त्यानंतर लगेच, अंग ताजं असताना, वेगाचं काम: ३० मीटर पूर्ण जोरात, सहा वेळा. दोन धावांमध्ये अडीच-तीन मिनिटं विश्रांती. बघणाऱ्याला वाटतं पोरं नुसती बसलीत. पण वेग दमलेल्या अंगाने शिकता येत नाही. दमलेला मुलगा आखडून पळतो आणि तेच आखडणं पक्कं होतं. ३० मीटरला ५ सेकंद घेणारा मुलगा ५.३ वर घसरला की त्याचं त्या दिवसाचं वेगाचं काम संपलं. दीड-दोन महिन्यांनी ६० मीटर चार वेळा, मध्ये पाच-सहा मिनिटं. एका दिवशी पूर्ण जोरातली धाव एकूण ३०० मीटरच्या वर नेऊ नका. राउंड हवेच असतील तर शेवटी, बोलता येईल इतक्या संथ गतीने.

पळताना तीन गोष्टी बघा. मान मागे पडते का, हात छातीसमोर आडवे जातात का, आणि पाऊल शरीराच्या फार पुढे टाचेवर पडतं का. तिसरी चूक सर्वांत वाईट, कारण प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. ‘लांब पाऊल टाक’ असं ओरडलं की ती वाढते. ‘जमीन मागे ढकल’ म्हणा.

सुरुवातीचे ब्लॉक नसले तरी बसून स्टार्ट शिकवा. पुढचा पाय रेषेपासून स्वतःच्या दोन तळपायांच्या लांबीवर, मागचा तीन तळपायांच्या. ‘सेट’ म्हटल्यावर कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर, पुढचा गुडघा साधारण काटकोनात, मागचा जास्त उघडा. नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे पहिल्याच पावलाला ताठ उभं राहणं. अंग दहा-पंधरा मीटरमध्ये हळूहळू उठलं पाहिजे. नियमाने ४०० मीटरपर्यंत बसूनच स्टार्ट घ्यायचा असतो आणि मोठ्या स्पर्धांत पहिल्याच फॉल्स स्टार्टला खेळाडू बाद होतो. २०१० पासून हा नियम आहे. त्यामुळे आवाजाचा अंदाज घेऊन उठायची सवय लागू देऊ नका. ‘सेट’ आणि टाळी यांतलं अंतर दर वेळी बदला.

शेवटची रेषा छातीने ओलांडायची. डोकं, हात, पाय धरत नाहीत. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषा यांचं ४०० मीटर अडथळ्यांचं कांस्यपदक ०.०१ सेकंदाने हुकलं. मुलांना हे जरूर सांगा, पण रेषेच्या आधी उडी मारायला नका शिकवू. रेषेपुढे पाच मीटरपर्यंत पळत राहायचं, एवढंच आधी.

६०० आणि ८०० मीटरवाल्यांची गोष्ट निराळी. त्यांना आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं संथ पळणं आणि एकदा २०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं. हरतात ते बहुधा पहिल्या फेरीत. ६०० मीटर दोन मिनिटांत पळायचं असेल तर प्रत्येक २०० मीटरला ४० सेकंद. पहिली फेरी ३८ मध्ये झाली तर चालेल. ३३ मध्ये केली की तिसरीत चालत येईल. प्रत्येक फेरीला वेळ मोठ्याने सांगा, म्हणजे गती अंगात बसते.

जांभ्याचं मैदान कडक असतं आणि वर बारीक खडी सुटत राहते. रोज त्यावर पळवलं की दोन-तीन आठवड्यांत नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. बोटाने दाबल्यावर लांबवर पसरलेलं दुखत असेल तर दहा दिवस पळणं बंद, व्यायाम पोहण्याचा किंवा सायकलचा. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर डॉक्टरकडे. हाडाला बारीक तडा असू शकतो. स्पाइक्सची घाई नको. जांभ्यावर खिळे रुततच नाहीत, उलट घसरायला होतं. साधे, पातळ तळाचे बूट पहिलं वर्ष पुरतात.

इथेच किनारा कामाला येतो. पी. टी. उषा यांचा सुरुवातीचा सराव केरळातल्या पय्योळीच्या किनाऱ्यावर झाला. समुद्र हाच, अरबी. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट पुळण मैदानापेक्षा मऊ आणि कोरड्या वाळूपेक्षा सुरक्षित असते. कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच खाली जाते आणि पोटरी व टाचेमागच्या शिरेवर ताण येतो. तिथे आठवड्यातून एकदा, २० मीटरच्या पाच-सहा धावा, त्याहून जास्त नाही. ओल्या पुळणीलाही समुद्राकडे उतार असतोच. एकाच दिशेने पळत राहिलं तर खालच्या बाजूचा पाय आखूड पडल्यासारखा होतो आणि गुडघा-कंबर दुखते, म्हणून जेवढं जाताना तेवढंच येताना. अनवाणी पळायचं तर आधी पट्टा चालून बघा: शिंपले, तुटलेले गळ, बाटलीच्या काचा.

वेळापत्रक कॅलेंडर बघून लावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ येते, हा हिशेब कोळीवाड्यातलं कोणीही सांगेल. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी साडेसातच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे तीन-चार दिवस सकाळचा सराव किनाऱ्यावर ठेवा. उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांब जातं आणि पट्टा रुंद मिळतो. अष्टमीच्या आसपास सकाळ-संध्याकाळ भरतीच असते, शिवाय भांगामुळे, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढ-उताराच्या दिवसांमुळे, ओहोटीलाही पाणी फारसं हटत नाही. त्या आठवड्यात मैदानावर गवताची कड शोधा आणि उड्या-फेकीचं काम काढा.

लांब उडीचा खड्डा हा तुमचा एकमेव मोठा खर्च. लांबी ७ मीटर, रुंदी २.७५ मीटर, खोली सरासरी ४० सेंटिमीटर. वाळू लागेल साधारण पावणेतीन ब्रास. नदीची धुतलेली, मध्यम जाडीची वाळू परवानाधारकाकडून घ्या. किनाऱ्यावरची उचलून आणू नका. एक तर तो कायद्याचा प्रश्न आहे, आणि ती इतकी बारीक असते की पाणी पडलं की फरशीसारखी बसते. जांभा खणलेला खड्डा पावसात टाकीसारखा भरतो, म्हणून तळाला एका बाजूला उतार देऊन चर बाहेर काढा. आपल्याकडे खड्ड्याला सवयीने चिऱ्याची कड लावतात आणि तो चिरा चार बोटं वर ठेवतात. हे अजिबात करू नका. तिरका पडलेला मुलगा घोट्याने किंवा पाठीने त्यावर आपटतो. कड लाकडाची, जमिनीच्या पातळीत. प्रत्येक सरावाआधी फावड्याने वाळू उलटवायची, वर थोडं पाणी मारायचं, रेकने सपाट करायची. कोरड्या वाळूत खूण ढासळते आणि माप चुकतं.

टेक-ऑफ बोर्ड २० सेंटिमीटर रुंद असतो. नवशिक्यांसाठी खड्ड्याच्या मीटरभर अलीकडे फक्कीचा एक मीटर रुंद पट्टा करा आणि पाय जिथे पडला तिथून मोजा. नाहीतर निम्मी मुलं फाउलच्या धास्तीने पावलं तोडतात. रन-अप बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ११ ते १३ पावलं पुरे. मोजायची युक्ती अशी: बोर्डावर पाठ खड्ड्याकडे करून उभं राहायचं, उलट दिशेने पूर्ण वेगात पळायचं, आणि अकरावं पाऊल जिथे पडेल तिथे मित्राने खूण करायची. तीनदा करून मधली खूण धरा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, दुपारनंतर खारा वारा उलटा. वारा पाठीशी आला की पावलं लांबतात आणि सकाळी बरोबर बसलेला मुलगा दुपारी फाउल करतो. त्याची खूण एखाद्या तळपायाएवढी मागे घ्या. माप नेहमी बोर्डाला सर्वांत जवळ असलेल्या, खड्ड्यातल्या खुणेपासून, काटकोनात. हात मागे टेकला की तिथून मोजलं जातं. उडीनंतर मागच्या बाजूने चालत बाहेर येणं हाही फाउल, आणि तालुक्याच्या स्पर्धेत चांगल्या उड्या यातच जातात.

उंच उडीची फोमची गादी नसेल तर पाठीवर पडायची उडी शिकवूच नका, वाळूतही नाही. मानेचा प्रश्न आहे. कात्री उडी, पायांवर उतरून, कमी उंचीवर. तेवढ्यानेही लय शिकता येते.

गोळाफेक म्हणजे खरं तर गोळा ढकलणं. गोळा बोटांच्या मुळांवर, तळहातावर नाही, हनुवटीखाली मानेला चिकटलेला, कोपर उंच. क्रिकेटचा हात असलेली मुलं कोपर खाली पाडून तो फेकतात, तिथे कोपराला इजा होते आणि पंचही फाउल देतो, कारण गोळा खांद्याच्या रेषेमागे जाता कामा नये. आधी महिनाभर उभ्याने. मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) नसेल तर असोला नारळ वजन करून घ्या आणि वाळूत दोन्ही हातांनी छातीपासून ढकलायला लावा. जोर पायांतून येतो हे त्यातून पटकन कळतं. वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर. फेकीचं क्षेत्र आखायला कोनमापक नको: वर्तुळाच्या केंद्रापासून दोन रेषा १० मीटरपर्यंत अशा न्या की त्यांच्या टोकांमध्ये बरोबर ६ मीटर अंतर असेल. फेकून झाल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्यातूनच बाहेर. खाऱ्या हवेत गोळा महिन्याभरात गंजतो, तेव्हा तेलाचं फडकं मारून ठेवा.

नीरज चोप्राच्या २०२१ च्या सुवर्णपदकानंतर (टोकियो, ८७.५८ मीटर) प्रत्येक मुलाला भाला हवाय. तुमच्या मैदानात तो इतर सरावाबरोबर नको. कैऱ्या पाडणारा हात इथे मुबलक आहे, त्याला सध्या टेनिस बॉल, मग वजनाचा चेंडू. भाला आणलाच तर ठरलेल्या वेळी, सगळे फेकणाऱ्याच्या मागे, आणण्यासाठी सगळ्यांनी एकदमच चालत जायचं आणि परत कधीही फेकून द्यायचा नाही.

रिलेला वेळ द्या. लहान शाळेला पदकाची सर्वांत जास्त संधी त्यात असते. बॅटन, म्हणजे हातातली दांडी, बदलण्याचा पट्टा आता ३० मीटरचा आहे; २०१८ च्या आधीच्या पुस्तकात २० लिहिलेलं असेल. बदल न बघता झाला पाहिजे: घेणाऱ्याने मागे १५ ते १८ तळपायांच्या लांबीवर खूण करायची, देणारा तिथे आला की जोरात सुटायचं आणि हाक आल्यावरच हात मागे द्यायचा. बॅटन पडते ती बहुधा घेणारा मागे वळून, थांबून बघतो म्हणून. मग देणारा त्याच्यावर आदळतो.

जून ते सप्टेंबर मैदान विसरा. कातळावर शेवाळ धरलं की चालणंही अवघड. व्हरांड्यात दोरीच्या उड्या, पायऱ्यांवर एका पायाने चढणं, उठाबशा, पोटाचे व्यायाम, भिंतीला हात टेकून गुडघे उचलणं, एवढं चाळीस मिनिटं. लावणीच्या पंधरवड्यात शेतावर राबणाऱ्या मुलांना तेही नको. त्यांची कंबर आणि मांड्या आधीच भरलेल्या असतात. ऑक्टोबरचा उकाडा जास्त फसवा. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, म्हणून लांब धावा सकाळी साडेसहालाच, दर वीस मिनिटांनी पाणी, नंतर मीठ-साखर घातलेलं कोकम. कोणी पळताना घाम थांबून बरळायला लागला तर सावली, अंगावर पाणी, वारा, आणि लगेच दवाखाना.

वेळ घेताना स्टॉपवॉच आवाजावर सुरू करू नका. स्टार्टरच्या टाळीच्या लाकडी फळ्या मिटताना दिसतात त्या क्षणी करा. ६० मीटरवर आवाज पोचायलाच पावणेदोन दशांश सेकंद जातात. स्टॉपवॉचवर १२.३२ आलं तर ते १२.४ लिहायचं, नेहमी वरच्या दशांशाला. दर सहा आठवड्यांनी ३० मीटर, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉल आणि ६०० मीटर अशा चार चाचण्या एकाच वहीत, तारीख आणि वाऱ्याची दिशा टाकून. पहिली चाचणी ट्रॅक आखल्याच्या आठवड्यातच घ्या आणि त्या दिवशी कोणालाही कुठल्याच प्रकारासाठी निवडू नका.